वाचकांचे प्रश्न : महागाई वाढते ती नेमकी कशाने?

महागाईवर प्रश्न पाठवा असे आवाहन केले आणि पत्रांचा ढीग लागला. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहोत. हिशेब सोपा राहावा म्हणून काही ठिकाणी गोल आकडे घेतले आहेत. तिथे 'समजा' असे लिहिले आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई पाव टक्क्यावर आल्याची बातमी वाचली. आमचे महिन्याचे बिल तर एक रुपयानेही उतरले नाही. आकडे खोटे असतात का? (गृहिणी, सातारा)

आकडा खोटा नाही. त्या महिन्याचा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के होता आणि २०१२ पायाभूत वर्षाच्या (म्हणजे त्या वर्षीचे भाव १०० धरून मोजलेल्या) मालिकेतला तो नीचांक होता. घोळ होतो तो 'दर' आणि 'भाव' यांत. महागाईचा दर म्हणजे गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा भाव किती वाढले याची टक्केवारी. दर पाव टक्क्यावर आला म्हणजे भाव जवळपास गेल्या वर्षीइतकेच राहिले. आधीच्या वर्षांत जे चढले ते जागेवरच आहे. २०१२ साली १०० धरलेला निर्देशांक २०२५ मध्ये १९० च्या पुढे होता. म्हणजे तेव्हा शंभर रुपयांत येणाऱ्या सामानाला आता एकशे नव्वदच्या वर मोजावे लागतात, आणि दर कितीही घसरला तरी ते शंभरावर येत नाही. त्यासाठी दर शून्याच्या बराच खाली आणि बराच काळ राहावा लागेल. तसे होणे अर्थव्यवस्थेला परवडणारेही नसते.

दुसरा भाग तुलनेचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाजीपाला वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच भाजीपाला २७.५ टक्क्यांनी स्वस्त झाल्याची नोंद झाली. शंभर रुपयांची भाजी १४२ ला गेली आणि तिथून २७.५ टक्के उतरून १०३ ला आली. दोन वर्षांत फरक तीन रुपयांचा, पण बातम्यांचे मथळे एका वर्षी 'भडका' आणि दुसऱ्या वर्षी 'ऐतिहासिक घसरण'. महागाईच्या दराची बातमी वाचताना गेल्या वर्षी याच महिन्यात काय स्थिती होती ते आधी पाहावे, निम्मा उलगडा तिथेच होतो.

आणि तिसरे कारण म्हणजे तुमचे घर सरासरी घर नाही. २०१२ च्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेये यांचा भार, म्हणजे निर्देशांकातला वाटा, शंभरात ४५.८६ होता, आरोग्याचा ५.८९ आणि शिक्षणाचा अवघा ४.४६. घरभाड्याचा भार दहाच्या आसपास, तोही फक्त शहरी भागातून आलेला. २०२४ पायाभूत वर्षाच्या नव्या मालिकेसाठी २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीचा आधार घेऊन खाद्यपदार्थांचा वाटा कमी केला आहे, पण ती सरासरीही देशभराचीच. मुलगी कॉलेजात, घर भाड्याचे आणि सासऱ्यांना रोजची औषधे असतील, तर तुमचा भार पूर्ण वेगळा पडतो.

स्वतःचा दर काढणे अवघड नाही. समजा महिन्याचा खर्च ४०,००० : भाडे १२,०००, खाणे १२,०००, फी ९,०००, औषधे ४,०००, प्रवास ३,०००. वर्षभरात भाडे ८ टक्क्यांनी (९६० रुपये), फी १० टक्क्यांनी (९०० रुपये) आणि औषधे १० टक्क्यांनी (४०० रुपये) वाढली. खाणे आणि प्रवास होते तिथेच. एकूण वाढ २,२६० रुपये, म्हणजे ५.६५ टक्के. सरकारी दर शून्याजवळ असताना तुमच्या घराचा साडेपाचच्या पुढे, आणि दोन्ही हिशेब बरोबर. मात्र तुलना त्याच वस्तूची आणि त्याच प्रमाणाची करा. मुलगी अकरावीतून बारावीत गेली, नवा क्लास लागला, तर तो वाढलेला खर्च आहे, महागाई नव्हे. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

कांदा शेतकऱ्याकडून दहा रुपयांनी जातो, आम्ही तीस रुपयांनी घेतो. मधले वीस रुपये दलाल खातात, हेच महागाईचे कारण ना? (वाचक, ठाणे)

काही अंशी. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधाप्रमाणे ग्राहकाच्या शंभर रुपयांतले कांद्याचे ३६, बटाट्याचे ३७ आणि टोमॅटोचे ३३ रुपये शेतकऱ्याच्या हाती पडतात. उरलेल्या पैशांत अडत आणि नफा आहेच, पण हमाली, तोलाई, गोण्या, निवड, गाडीभाडे, सड आणि किरकोळ विक्रेत्याची न विकली गेलेली पाटीही आहे. यातला बराचसा खर्च किलोमागे ठरलेला असतो. कांद्याचा भाव पडला म्हणून हमाल कमी पैसे घेत नाही.

याचा परिणाम फार कमी लोकांच्या लक्षात येतो. समजा बांधावर भाव १० रुपये आणि मधला खर्च किलोला १८, म्हणजे तुम्हाला २८ ला मिळाला. आवक वाढून बांधावरचा भाव ४ रुपये झाला तर तुमच्याकडे तो २२ ला येईल. शेतकऱ्याचे ६० टक्के उत्पन्न गेले आणि तुम्हाला जेमतेम २१ टक्के स्वस्ताई मिळाली. शेतकरी रस्त्यावर कांदा ओततो त्या आठवड्यातही शहरात तो फुकट का मिळत नाही, याचे मोठे कारण हे आहे. साठेबाजीचा संशय त्यानंतर घ्यावा.

आता भाव चढतो कसा ते पाहू. वर्षाच्या एकूण कांद्यात उन्हाळ कांद्याचा वाटा सर्वांत मोठा. तो एप्रिल-मेमध्ये निघतो, चाळीत (कांदा साठवण्याच्या हवेशीर मांडवात) भरला जातो आणि खरिपाचा लाल कांदा बाजारात येईपर्यंत देश त्यावरच जगतो. चाळीत कांदा वजनाने घटतो, सडतो, त्याला कोंब फुटतात. चार-पाच महिन्यांत तिसरा हिस्सा जाणे नवलाचे नाही. समजा १०० क्विंटल भरला आणि ७० उरला, तर नुसता मुद्दलात यायला भाव ४३ टक्क्यांनी चढावा लागतो. चाळीचा खर्च आणि पैशावरचे व्याज धरलेलेच नाही. त्यात खरिपाची लागवड पावसाने लांबली किंवा काढणीच्या वेळी परतीच्या पावसाने झोडपले, तर सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात जुना संपत आलेला आणि नवा आलेला नाही अशी पोकळी तयार होते. कांद्याला पर्याय नाही, त्यामुळे भाव चढला तरी लोक खरेदी फारशी कमी करत नाहीत. माल दहा टक्क्यांनी घटला की भाव दहा टक्क्यांवर थांबत नाही, तो दुप्पट होऊ शकतो.

टोमॅटोचे तर साठवणेच नाही. २०१२ च्या मालिकेत त्याचा भार शंभरात ०.५७. एवढीशी वस्तू, पण भाव तिप्पट झाला तर एकूण दरात एक टक्क्याहून जास्त भर पडते. जुलै २०२३ मध्ये किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली, त्यात टोमॅटोचा हात मोठा होता.

यावर सरकारचा ठरलेला उपाय निर्यातीवर घाला घालण्याचा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसले, डिसेंबरात बंदी आली, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिले, आणि ते पूर्ण गेले १ एप्रिल २०२५ ला. आमच्या मते हा उपाय त्या हंगामापुरता भाव दाबतो आणि पुढच्या हंगामाची महागाई पेरतो. पदरी तोटा आला की पुढची लागवड घटते.

डिझेल पाच रुपयांनी वाढले की भाजीवाला लगेच किलोमागे पाच रुपये चढवतो. हे बरोबर आहे का? (वाचक, नवी मुंबई)

हिशेबच करू. समजा दहा टनांची गाडी नाशिक भागातून वाशीला जाते, जाऊन-येऊन ४०० किलोमीटर, लिटरला ४ किलोमीटर. डिझेल लागले १०० लिटर. लिटरमागे ५ रुपये वाढले म्हणजे फेरीला ५०० रुपये जादा. गाडीत माल १०,००० किलो. किलोमागे वाढ झाली ५ पैसे. बाजारातून तुमच्या गल्लीपर्यंतच्या टेम्पोचे, शेतातल्या ट्रॅक्टरचे, पंपाचे असे सगळे धरले तरी आकडा रुपयाच्या बराच आत राहतो. तेव्हा पाच रुपयांचे खापर डिझेलवर फोडता येणार नाही.

पण म्हणून इंधन निरुपद्रवी ठरत नाही. एका फेरीत ते किरकोळ दिसते, मात्र सिमेंट, वीट, खत, प्लास्टिक, रंग, बसभाडे अशा प्रत्येक टप्प्यावर थोडे थोडे चढत जाते. भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो, त्यामुळे भाव ठरणे आपल्या हातात नाही. आपल्या हातात असतात ते केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर.

खाद्यतेल आपल्याकडे सोयाबीन, शेंगदाणा पिकत असूनही परदेशात काही झाले की इथे का कडाडते? (वाचक, लातूर)

कारण देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येते. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनच्या पट्ट्यातून. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे युद्ध पेटले, पाठोपाठ २८ एप्रिलपासून इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात जवळजवळ महिनाभर रोखली. पाम महागले की लोक सोयाबीनकडे वळतात, मग सोयाबीनही चढते, आणि शेंगदाणा मागे राहत नाही.

रुपयाची किंमतही यात येते. समजा तेल टनाला १,००० डॉलरवर स्थिर आहे. डॉलर ८४ रुपये असताना किलोला ८४ पडतात, ८८ झाला की ८८. जगात भाव हललेला नाही, इथे मात्र पावणेपाच टक्के महागाई.

तुम्ही लातूरचे, म्हणून एक गोष्ट सांगतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचे प्रभावी आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेले. तेव्हा सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले जात होते. शेतकऱ्याला आधार द्यायचा तर ग्राहकाचे तेल महागणार हे उघड होते. मे २०२५ च्या अखेरीस तेच शुल्क १६.५ टक्क्यांवर आणले. म्हणजे महागाई दरवेळी आभाळातून पडत नाही. कोणाचा खिसा हलका करायचा याचा निर्णयही तिच्यामागे असतो, आणि तो आजवर बहुतेक वेळा ग्राहकाच्या बाजूने झुकलेला दिसतो.

घाऊक महागाई शून्याखाली आणि किरकोळ सात टक्क्यांवर, असे एकाच महिन्यात कसे? (विद्यार्थी, वाणिज्य शाखा)

जुलै २०२३ मध्ये तसेच झाले होते. तेव्हाच्या घाऊक निर्देशांकात कारखानी मालाचा भार शंभरात ६४.२३ होता आणि सेवा मुळीच नव्हत्या : ना फी, ना भाडे, ना डॉक्टर. धातू, रसायने, इंधन स्वस्त झाले की तो खाली जातो. किरकोळ निर्देशांकात भाजी आणि धान्याचे पारडे जड. परीक्षेत लिहिताना आणखी एक : केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता या दोन्हींवर ठरत नाही, तो औद्योगिक कामगारांच्या वेगळ्या निर्देशांकावरून ठरतो. त्याचे पायाभूत वर्ष २०१६.

बिस्किटाचा पुडा दहालाच मिळतो, पण हलका झाला आहे. हे महागाईत धरतात का? (वाचक, कोल्हापूर)

धरले पाहिजे आणि निर्देशांकात भाव ठराविक वजनामागेच मोजतात. १०० ग्रॅमचा पुडा ८८ ग्रॅमचा झाला तर भाववाढ १२ नव्हे, १३.६ टक्के (१०० भागिले ८८). पाकिटावर छापील किमतीजवळ ग्रॅममागची किंमत बारीक अक्षरात असते, ती पाहा. मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते हा समजही कधी कधी तिथेच मोडतो.

व्याजदर वाढवल्याने महागाई कशी उतरते? माझा गृहकर्जाचा हप्ता वाढला, कांदा काही स्वस्त झाला नाही. (नोकरदार, पिंपरी)

तुमच्या दुसऱ्या वाक्यातच उत्तराचा अर्धा भाग आहे. आधी घडलेले सांगतो. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. कायद्याने रिझर्व्ह बँकेला ४ टक्क्यांचे लक्ष्य दिले होते, दोन टक्के वर-खाली चालते. ४ मे २०२२ ला सहा सदस्यांच्या पतधोरण समितीने रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर नेला. रेपो म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने थोड्या मुदतीचे पैसे मिळतात तो दर. सलग तीन तिमाही महागाईची सरासरी ६ टक्क्यांच्या वर राहिली तर ते अपयश मानून सरकारला लेखी कारणे द्यावी लागतात. २०२२ मध्ये पहिल्यांदाच ती वेळ आली.

आता तुमच्या हप्त्यावर काय झाले ते पाहा. समजा ३० लाखांचे २० वर्षांचे कर्ज. ७ टक्क्यांनी हप्ता २३,२५९ रुपये, साडेनऊ टक्क्यांनी २७,९६४. दरमहा ४,७०० रुपये खिशातून गेले, म्हणजे फर्निचर, दुचाकी, सहल पुढे ढकलली. लाखो घरांनी आणि हजारो कारखान्यांनी असाच हात आखडला की मागणी उतरते, विक्रेत्याला भाव चढवणे जड जाते. मागणीमुळे आलेली महागाई अशी ओसरते. पण हा परिणाम यायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहूनही अधिक. पावसाने झोडपलेल्या टोमॅटोवर रेपोचा इलाज नाही. व्याज वाढले म्हणून झाडाला फळ लागत नाही.

मग पुरवठ्याच्या महागाईतही दर का वाढवतात? भाजी महागली की मजूर जादा मजुरी मागतो, खानावळ ताटाचा दर वाढवते, घरमालक करारात दहा टक्के वाढ लिहितो. भाजी दोन महिन्यांत उतरते, ताटाचा दर उतरत नाही. ही दुसरी लाट रोखायची असते. म्हणूनच खाद्यपदार्थ आणि इंधन वगळून काढलेल्या मूळ महागाईवर समितीचा डोळा असतो. ती वाढत असेल तर समजावे की भाववाढ मुरत चालली आहे.

जाता जाता कामाचे : व्याज वाढल्यावर बँक बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते. वरच्या उदाहरणात नवे कर्ज असेल तर साडेनऊ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याजच २३,७५० होते, म्हणजे जुन्या हप्त्यातून व्याजही फिटत नाही, मुद्दल वाढू लागते. बँकेत जाऊन उरलेली मुदत लेखी विचारा आणि शक्य असेल तर हप्ता वाढवून घ्या. रेपो उतरल्यावर तुमचा दर खरोखर उतरला का, तेही तपासा. २०२५ मध्ये रेपो टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आला.

सरकार जास्त नोटा छापून गरिबांना का वाटत नाही? (इयत्ता नववी)

नोटा वाढल्या तरी गहू, घरे आणि बस तेवढ्याच राहतात. जास्त पैसे तेवढ्याच मालामागे लागतात, भाव चढतात आणि वाटलेल्या नोटांची किंमत उतरते. सर्वांत आधी झळ बसते ती ज्याची मजुरी उशिरा वाढते त्याला, म्हणजे गरिबालाच. जर्मनीत १९२३ साली रूहर खोऱ्यातले कारखाने ठप्प झाले आणि संपावरच्या कामगारांना सरकारने नोटा छापून पगार दिले. माल घटला आणि पैसा वाढला, दोन्ही एकदम. नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते.

एक मात्र लक्षात ठेव. आजच्या काळात बराचसा नवा पैसा छापखान्यात नव्हे, बँका कर्ज देतात तेव्हा खात्यांवर तयार होतो. म्हणून वरच्या प्रश्नातला रेपो दर छापखान्यापेक्षा महत्त्वाचा.

निवृत्तीचे दहा लाख ठेवीत आहेत, सात टक्के व्याज मिळते. त्यावर घर चालवतो. मुद्दलाला हात लावत नाही, तर सुरक्षित आहे ना? (निवृत्त शिक्षक, सांगली)

मास्तर, मुद्दलाला हात तुम्ही लावत नसाल, महागाई लावते. वर्षाचे व्याज ७०,०००. महागाई ५ टक्के धरली तर दहा लाखांची आजची खरेदीशक्ती टिकवायला वर्षअखेर साडेदहा लाख हवेत. म्हणजे व्याजातले ५०,००० परत मुद्दलात गेले पाहिजेत. निर्धास्त खर्चायला उरतात २०,०००, त्यातून कर लागू असेल तर तो वेगळा. सगळे ७०,००० खर्च केले तर कागदावर दहा लाख दिसत राहतील, पण ५ टक्क्यांनी चौदा वर्षांत त्यांची किंमत आजच्या पाच लाखांएवढी होईल. ७० ला महागाईच्या दराने भागले की पैशाची किंमत निम्मी व्हायला लागणारी वर्षे मिळतात. ६ टक्के धरले तर बारा.

व्याजातला ठराविक हिस्सा, दोन-तीन हजार का होईना, दर तिमाहीला परत ठेवीत टाकता येतो का पाहा. सगळी रक्कम एकाच मुदतीत अडकवू नका, कारण रेपो उतरला की नूतनीकरणाच्या वेळी सात टक्के मिळणार नाहीत. चार तुकडे करून एक, दोन, तीन आणि पाच वर्षांसाठी ठेवा. आणि साठ पूर्ण झाली असतील तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर आपल्या बँकेच्या दराशी ताडून मगच ठेव नूतनीकरणाला द्या.